टोलीच्या वाटेवरचा तास

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात संगीताला शेवटचा तास मिळतो. असा कुठला लेखी नियम नाही, पण मी आजवर चार शाळांत नोकरी केली आणि चारही ठिकाणी हेच पाहिलं. सकाळी भाषा आणि गणित, कारण तेव्हा डोकं ताजं असतं. मग परिसर अभ्यास, मग खिचडी, आणि मग उरलेल्या वेळात उरलेले विषय. पोरांच्या जांभया आणि माझी पेटी एकाच वेळी उघडायची, याची मला सवय झाली होती. आवडत मात्र कधीच नव्हतं.

माझी मूळ शाळा सिहोऱ्याकडची, धानाच्या पट्ट्यातली. तालुक्याच्या एका सभेत गटशिक्षणाधिकारी साहेबांनी विचारलं, "पेटी कोणाला वाजवता येते?" आणि सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मला नकार देता आला असता. पण चारचौघांत कोणी पेटीचं नाव काढलं की मी फुगते, हा माझा जुना दोष आहे. माझे वडील गावच्या दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, पेटी वाजवायचे आणि त्यांच्या मांडीशी बसूनच मी सूर शिकले. तेव्हा मंगळवार आणि शुक्रवार, आंबागडच्या पलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका दोन शिक्षकी शाळेत जाऊन गाणं शिकवायचं, असं माझ्या गळ्यात पडलं.

पेटी स्कूटीवर पायाशी ठेवायची आणि दोन्ही पाय दोन बाजूंना काढून बसायचं, असा माझा प्रवास. चिखल्याच्या खाणीकडून मँगनीजचे ट्रक आले की मी गाडी कडेला घ्यायची, आधी ओढणी पेटीवर टाकायची आणि मग तोंडावर. गावातले लोक म्हणायचे, मॅडमला जिवापेक्षा पेटी प्यारी. खोटं नव्हतं ते.

पहिल्या मंगळवारी मी पोचले तेव्हा हेडमास्तरांनी मोठ्या कौतुकाने वेळापत्रक दाखवलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर लाल स्केचपेनने रेघा मारलेल्या. सगळ्यात खालच्या रकान्यात, मंगळवार आणि शुक्रवारच्या खाली, "संगीत". चार ते पावणेपाच. पहिल्याच दिवशी भांडायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते.

चार वाजले. सगळी शाळा एका खोलीत बसवली. पेटीचा भाता ओढला, पहिला सूर धरला, आणि मागच्या रांगेतली नऊ पोरं उठली. दप्तरं पाठीवर टाकली आणि चपला शोधू लागली.

माझं डोकं फिरलं. "कुठे निघाले? कोणी सुट्टी दिली?"

चौथीतली एक पोरगी पुढे झाली. दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली. ती जराही न घाबरता म्हणाली, "टोलीले, म्याडम. आमची सुट्टी चारलेच होते."

आणि गेली नऊच्या नऊ. ती पोरगी सगळ्यात शेवटी निघाली. खिडकीबाहेर थोडी थांबली, आत पाहत. मी वाजवत असलेली ओळ संपेपर्यंत थांबली असती, पण पुढच्या पोरांनी हाक मारली.

मग हेडमास्तरांनी मला समजावलं. ही पोरं गावची नाहीत. जंगलाच्या आत पाऊण तासाच्या वाटेवर टोली आहे, दहा-पंधरा घरांची वस्ती, तिथून पायी येतात. थंडीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो, म्हणून टोलीच्या आयांनी आणि शाळेने मिळून वर्षानुवर्षं हे ठरवलेलं, की चार वाजता त्यांना सोडायचं आणि सगळ्यांनी मिळून जायचं.

"म्हणजे या नऊ पोरांना संगीत कधीच नाही?" मी विचारलं.

"मॅडम, तासिका द्या असा आदेश आला, मी देल्ली. आता कुठं देल्ली ते कायले पाहता?" हेडमास्तर हसत म्हणाले. माणूस चांगला होता. फक्त त्या लाल रेघांना हात लावायचा म्हटलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं.

मी त्या वेळापत्रकाच्या हात धुऊन मागे लागले. मला सकाळचा तास हवा होता, कुठलाही, ज्यात नऊ पोरं हजर असतील. हेडमास्तर म्हणाले, पहिला तास वाचनाचा, साहेब अचानक येऊन पोरांना वाचायला लावतात. दुसरा गणिताचा, साहेब पाढे विचारतात. मी म्हटलं, मग खिचडीनंतरचा द्या. ते म्हणाले, "भरल्या पोटी गानं? एखाद्यानं ओकलं म्हणजे?" यावर मी माघार घेतली, कारण माझे वडीलही हेच सांगायचे. असे तीन आठवडे गेले. दर वेळी चार वाजता ती पोरगी खिडकीबाहेर रेंगाळायची आणि दर वेळी तिला हाक यायची. तिच्याकडे पाहायची मला लाज वाटू लागली होती.

वाट निघाली ती भलतीकडूनच. शाळेतले दुसरे शिक्षक, त्यांना सगळे गणिताचे गुरुजी म्हणत, एका मंगळवारी वैतागून बसलेले दिसले. शाळेची रोज काही ना काही माहिती मोबाईलवरून वर पाठवायची असते आणि शाळेत रेंज नाही. रेंज मिळते तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आणि तीही जेवणाच्या सुट्टीच्या आधी. दुपारनंतर पाळीवर उभं राहून हात उंच केला तरी काही उपयोग नाही. का, ते मोबाईल कंपनीलाच ठाऊक. गुरुजी बिचारे वर्गाला गणितं घालून देत आणि पाळीकडे पळत, आणि मागे वर्गात धिंगाणा.

मी म्हटलं, "गुरुजी, मंगळवार-शुक्रवार तिसरा तास मला द्या. सगळी शाळा मी एका खोलीत घेते. तुम्ही निवांत पाळीवर जा."

गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांची बदलीच त्यांच्या गावाला करून दिली. ते स्वतः हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तरांनाही हजेरीपटाला एक मोकळा तास मिळणार होता. त्याच शुक्रवारी लाल स्केचपेनने जुना रकाना खोडला गेला आणि "संगीत" तिसऱ्या तासात आलं. मी त्या दिवशी घरी जाताना तुमसरहून पेढे घेतले. घरी विचारलं, कशाचे, तर काय सांगणार, वेळापत्रकाचे?

टोलीची पोरं पहिल्यांदा वर्गात गायली तेव्हा मी पेटीवरून हात उचलला. काय तो आवाज! नऊ पोरांनी गावच्या तीस पोरांना दाबून टाकलं. सूर ठीक होते, पण सगळं बेंबीच्या देठापासून. माझ्या कानात दडे बसले. मी म्हटलं, "अरे, शेतातली पाखरं हाकलायची आहेत का? गाणं म्हणजे ओरडणं नाही. शेजारच्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, एवढंच तोंड उघडा."

पोरं समजूतदार. महिनाभरात त्यांचा आवाज खाली आला. ती चौथीतली पोरगी तर एकदा ऐकलेली चाल जशीच्या तशी परत द्यायची, आणि इतक्या हळू, की बाकीच्यांना आपोआप गप्प व्हावं लागे. मी तिला पेटीजवळ बसवू लागले. आणि माझ्या उत्साहात मी त्या नऊ जणांना घरचा अभ्यास दिला. म्हटलं, तुम्हाला पाऊण तासाची वाट आहे, फुकट कशाला घालवता? जाताना गाणं म्हणत जा. पण वर्गात म्हणता तसंच, हळू, एकमेकांचं ऐकत. जो ओरडेल त्याला शुक्रवारी मागे बसवीन.

मी धानाच्या पट्ट्यातली. आमच्याकडे घरातून निघालं की दुसऱ्या गावाच्या पिंपळापर्यंत सगळं सपाट दिसतं. जंगलातून चालायची रीत मला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही कोणाला विचारली नव्हती.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी वर्गात शिरले तर मागची रांग रिकामी. नऊपैकी एकही नाही. हेडमास्तर दारात आले. नेहमीचं हसू नव्हतं.

"मॅडम, काल वाटेत अस्वल भेटलं लेकराईले."

"कोणाला लागलं?" मी विचारलं.

कोणाला काही झालं नव्हतं, हे त्यांनी लगेच सांगितलं. बोरीच्या झुडपाखाली अस्वल बोरं खात होतं. पोरं अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळलं नाही आणि पोरांनाही दिसलं नाही. ते दोन पायांवर उभं राहिलं. चौथीतल्या त्या पोरीने लहानांना मागे ओढलं, सगळी पाऊल पाऊल मागे सरकली, आणि अस्वल फुरफुरत नाल्यात उतरून गेलं. पहिलीतला एक पोरगा रात्रभर तापाने फणफणला.

"पन आजपर्यंत असं कधी झालं नोयतं," हेडमास्तर म्हणाले. "लेकरं आवाज करत जातात ना. अस्वलाले दुरून आवाज गेला का ते सवताच बाजूले होते. या खेपेले काहून कळलं नाही त्याले, काय माहीत."

मला माहीत होतं. मी तिथेच बाकावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. हेडमास्तरांनी हातातला हजेरीपट मिटला. मग म्हणाले, "चला, टोलीवर जाऊन येऊ." गणिताच्या गुरुजींनी त्या दिवशी पाळीवर न जाता दोन्ही वर्ग सांभाळले.

टोलीवर बाया अंगणात होत्या. त्या पोरीची आई लाकडं फोडत होती. मला पाहून तिने कुऱ्हाड बाजूला ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि मग जे बोलायचं होतं ते बोलली.

"म्याडम, जंगलात तोंड चालू ठेवून चालाचं, हे आमी लेकराले चालता याच्या आधी शिकवतो. पाढे म्हना, नावं घ्या, भांडन करा, पन चूप नोका राहू. तुमी गानं शिकवा, आमचं काई म्हननं नाई. पन लेकरायचं तोंड काहून बंद केलं?"

"मला माहीत नव्हतं" हे उत्तर होऊ शकत नाही, निदान नऊ पोरांच्या आयांसमोर नाही. मी म्हटलं, "चूक माझी आहे. पोरांची नाही, शाळेची नाही." मला रडायचं नव्हतं, कारण रडून मी त्यांनाच माझी समजूत काढायला लावली असती. मी खाली बघत उभी राहिले.

आई थोडी निवळली. म्हणाली, "लेकरं सोमवारपासून शाळेत धाडू. शाळा नाई सोडवत आमी. पन गान्याच्या तासाले नाई बसनार ते. त्या टायमाले भायेर बसवा त्याईले."

आणि तसंच झालं. पुढच्या मंगळवारी तिसऱ्या तासाला नऊ पोरं आपणहून उठली आणि वऱ्हांड्यात जाऊन बसली. आत तीस पोरं गात होती. ज्या तासासाठी मी तीन आठवडे भांडले, त्या तासाला ती पोरगी आता खिडकीतूनही पाहत नव्हती. गुडघ्यावर वही ठेवून गणितं करत होती. असा तास मी आयुष्यात दुसरा घेतला नाही. पेटीचा एक सूरही मला धड लागला नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हेडमास्तरांना म्हटलं, "मला परत चारचा तास द्या."

ते चकित झाले. "आता? तिसऱ्यासाठी तर डोकं खाल्लं होतं माह्यं!"

"तिसरा राहू द्या गावच्या पोरांना. टोलीच्या पोरांना चारचा. पण शाळेत नाही. वाटेवर. मी त्यांच्याबरोबर टोलीपर्यंत चालत जाईन."

"पेटी घेऊन?"

"पेटी शाळेत."

त्यांनी वेळापत्रकाकडे पाहिलं. तिथे वाटेचा रकाना नव्हता. त्यांनी डोकं खाजवलं, लाल स्केचपेनचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. शेवटी अगदी खाली, कॅलेंडरच्या कडेला लिहिलं: "संगीत, मंगळ-शुक्र, चार वाजता, टोली रस्ता." आणि म्हणाले, "साहेबानं विचारलं तर तुमीच सांगजा." साहेबांनी पुढे विचारलं, आणि मी सांगितलं. साहेब थोडा वेळ वाचत राहिले आणि म्हणाले, ठीक आहे. तो भाग तेवढाच.

आयांची परवानगी मी मागितली नाही. गाण्याचा तास नको म्हणाल्या होत्या, बरोबर चालायला नको म्हणाल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी मी फक्त चालले. वाट कशी आहे ते पाहिलं. आधी नाला, मग मोहाची तीन झाडं, मग बोडी, म्हणजे भातशेतीतलं छोटं तळं, आणि शेवटी चढण. पोरं पाढे ओरडत होती, शिव्याही देत होती, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्या लक्षात आलं, की ओरडून ओरडून ती मध्येच दमतात आणि नेमकी बोडीपाशी, जिथे झुडपं दाट आहेत, तिथे गप्प होतात. दमणं हा गळ्याचा प्रश्न होता. गळ्याचं मला कळतं.

दुसऱ्या खेपेला मी त्यांना सांगितलं, की आता मी ओरडायला शिकवणार आहे. पोरांना खरं वाटेना. मी पोटावर हात ठेवून, छाती मोकळी सोडून आवाज कसा फेकायचा ते दाखवलं. गळा न आवळता. दंडारीत माझे वडील माईक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचे, तो हा प्रकार. मग नऊ जणांचे दोन भाग केले. पाच पुढे, चार मागे. पुढच्यांनी विचारायचं, मागच्यांनी सांगायचं. म्हणजे एक भाग गात असताना दुसरा श्वास घेतो आणि वाट कधीच गप्प होत नाही. शब्द पोरांनीच जुळवले:

"नाल्यावर कोन?"

"आमी नऊ जन!"

"बोडीवर कोन?"

"आमी नऊ जन!"

चाल मी दिली, चढी, शेवटचा सूर लांब ओढायचा. ती चौथीतली पोरगी पुढच्यांत होती. तिचा आवाज मी दोन महिने दाबून ठेवला होता, आणि तिने तो सोडला तेव्हा नाल्याच्या पलीकडून परत ऐकू आला. ती थांबली, माझ्याकडे पाहून हसली, आणि पुन्हा तेच केलं. मला इतकं बरं वाटलं की मीही त्यांच्याबरोबर ओरडले. पन्नाशीच्या जवळ आलेली बाई जंगलात "आमी नऊ जन" म्हणते आहे, हे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही ते बरंच झालं. नऊ कुठले, दहावी होते मी खरं तर.

मी सोबत असायचे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीचे दिवस पोरं आपली आपण गात जायची. टोलीच्या आयांशी माझं फारसं बोलणं होत नव्हतं. मी चढणीपर्यंत जायचे आणि तिथून गुरुजींच्या मोटारसायकलवर परतायचे. त्या पोरीची आई अंगणातून पाहायची, मान हलवायची, आत जायची.

होळीच्या आधीच्या एका शुक्रवारी माझी मान आखडली होती, चालवेना. गुरुजींनी मला मोटारसायकलवरून आधीच टोलीवर नेऊन सोडलं. म्हटलं, आज पोरांचं या टोकाहून ऐकते. त्या पोरीच्या आईने खाट टाकली. आम्ही दोघी बसलो. ती मोहाच्या टोपल्या नीट करत होती.

मग लांबून आवाज आला. शब्द कळत नव्हते, फक्त ओढलेला सूर.

"नाल्यावर आले," आई म्हणाली. हातातलं काम थांबलं नव्हतं.

थोड्या वेळाने परत. आता शब्दही आले. "बोडीवर कोन?" आणि मग, "आमी आठ जन! एक मामाच्या गावी!"

मी दचकले. हे मी शिकवलं नव्हतं.

आई हसली. मला पाहून ती पहिल्यांदा हसत होती. "एक दिवस आठच म्हनलं त्याईनं. एक पोट्टा तापानं घरीच होता, लेकराईनं खरं तेच सांगतलं. पन आमी साऱ्या बाया कामावरून धावत आलो, चढनीवर जाऊन उभ्या राहिलो. कोनाचं कमी हाय म्हनून. तवापासून त्याईले सांगून ठेवलं, एक कमी असन तर कुठं हाय ते बी सांगाचं."

तिने टोपली बाजूला ठेवली. "पयले मी चार वाजल्यापासून त्या चढनीवर उभी राहो. रोज. पोरगी पयलीत गेली तवापासून. आता घरीच बसून राहतो, बोडीवरून आवाज आला का चाय मांडतो."

आणि ती उठलीच चहा मांडायला. दारात थांबली, मागे न वळता म्हणाली, "म्याडम, मंगळवारी पोरीले आत, पेटीजवळ बसवा. पन आवाज नोका कमी करू तिचा."